कौटुंबिक कथाखेळ आणि बोलीचे संक्रमण : खानदेशच्या संदर्भात काही विचार

लोककथा आणि लोकक्रीडा हे दोन विषय आपल्याकडील अभ्यासात बहुधा निरनिराळ्या कप्प्यांत ठेवले जातात. कथांचा विचार आशय, कल्पनाबंध व प्रसार ह्या दृष्टींनी होतो. खेळांचा विचार हालचाली, साधने व नियम ह्या दृष्टींनी होतो. ह्या वाटणीमुळे एक मोठा आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा वर्ग दोन्हींकडून निसटतो. घरातील माणसे एकत्र बसली असता परस्परांशी शब्दांनी जे खेळ खेळतात, त्यांचा हा वर्ग होय. कोडी घालणे, साखळीची गोष्ट पुढे नेणे, फसवी गोष्ट सांगून मुलास चिडविणे, झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखणे, नाव घेणे हे सर्व त्यात येतात. ह्या प्रकारांना प्रस्तुत लेखात ‘कथाखेळ’ ही संज्ञा वापरली आहे. ज्या व्यवहारात उच्चारलेले वाक्य हीच खेळातील चाल असते आणि प्रत्येक सहभागी व्यक्तीला आपली चाल करावीच लागते, तो कथाखेळ, अशी त्याची कामचलाऊ व्याख्या करता येईल.

ह्या व्याख्येतील दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. कथा ऐकणाऱ्याने नुसते ऐकले तरी चालते. खेळणाऱ्याने मात्र बोलावेच लागते. बोलीच्या संक्रमणाच्या प्रश्नाशी ह्या एका भेदाचा किती निकटचा संबंध आहे, हे दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

क्षेत्र आणि बोली

विचारासाठी जळगाव व धुळे हे जिल्हे घेतले आहेत. पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे ह्या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. भाषिकदृष्ट्या हा प्रदेश एकजिनसी नाही. धुळे, अमळनेर, चाळीसगाव ह्या भागांत अहिराणीचा प्रभाव आहे, तर यावल, रावेर, भुसावळ ह्या बाजूस लेवा गणबोली प्रचलित आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली व पावरी बोली भेटतात.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात नसून १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भिल्ली बोलींना वाहिलेल्या भागात आहे. हे वर्गीकरण पुढे वादग्रस्त ठरले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र त्या सर्वेक्षणाची एक पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. बोलीबोलींची तुलना करता यावी म्हणून सर्वत्र एकाच गोष्टीचे, म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे, रूपांतर करवून घेतले गेले. बोलीचे रूप पकडण्यासाठी शब्दांची यादी अपुरी पडते, सलग गोष्टच लागते, हे सर्वेक्षणकारांनी ओळखले होते. परंतु ती गोष्ट सांगणाऱ्याची स्वतःची नव्हती आणि ती ऐकून कोणी उलट काही बोलावे अशी सोयही त्यात नव्हती. बोलीतील संवादाचे व्याकरण ह्या रीतीने हाती लागणे कठीणच होते.

हुंकार : किमान सहभाग

घरगुती कथनातील सर्वांत लहान चाल म्हणजे हुंकार. सांगणारी आजी प्रत्येक वाक्याशेवटी क्षणभर थांबते आणि ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणावे अशी अपेक्षा असते. हुंकार थांबला की मूल झोपले असे समजून गोष्टही थांबते. मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये भाषेच्या ज्या संपर्कनिष्ठ कार्याकडे लक्ष वेधले आणि याकोबसन यांनी १९६० मध्ये आपल्या सहा कार्यांच्या आराखड्यात ज्याला स्थान दिले, त्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. हुंकारात माहिती काहीच नसते. ‘मी येथे आहे, पुढे सांग’ एवढेच त्यातून कळते.

ए. के. रामानुजन यांनी कन्नड लोककथांच्या आधारे घरातील कथा आणि बाहेरची, सार्वजनिक कथा असा भेद केला आहे. घरातील कथा स्वयंपाकघरात, मुलांना भरविताना वा निजविताना सांगितली जाते. तिच्यातील पात्रांना बहुधा विशेषनामे नसतात. राजा, राणी, म्हातारी, धाकटी सून एवढीच त्यांची ओळख. मराठी घरांतील कथांनाही हे वर्णन बऱ्याच अंशी लागू पडते. नाव नसल्यामुळे पात्राच्या जागा मोकळ्या राहतात, आणि मोकळ्या जागा खेळाला पोषक असतात. धाकट्या सुनेच्या ठिकाणी घरातील कोणाची तरी कल्पना करून हसणे हे अशा वेळी सहज घडते.

तथापि हुंकाराच्या बाबतीत एक अडचण आहे. ‘हं’ हा ध्वनी कोणत्याही बोलीचा नाही. अहिराणीतील गोष्ट ऐकून हुंकार देणारे मूल अहिराणी समजते एवढेच त्यावरून सिद्ध होते. ते अहिराणी बोलते की नाही, हे कळत नाही. आज खानदेशातील पुष्कळ घरांत नेमकी हीच अवस्था आहे. आजी-आजोबा बोलीत बोलतात, नातवंडे शाळेच्या मराठीत वा इंग्रजीत उत्तर देतात, आणि दोघांचेही काही अडत नाही.

फसवी गोष्ट आणि साखळीची गोष्ट

हुंकारापुढील पायरी म्हणजे कापूसकोंड्याची गोष्ट. ही गोष्ट कधीच सांगितली जात नाही; ती सांगू का, एवढेच विचारले जाते. मूल ‘हो’ म्हणाले तर ‘हो काय म्हणतोस’ असे म्हणून तोच प्रश्न पुन्हा येतो. ते ‘नको’ म्हणाले तरी तेच, आणि गप्प बसले तरी त्या गप्प बसण्यालाच धरून पुन्हा तेच. आर्ने व टॉमसन यांच्या कथाप्रकारसूचीत सूत्रकथांना २००० पासून पुढील क्रमांक दिलेले असून त्यांत २२०० पासून फसव्या कथा येतात. कापूसकोंड्याची जात हीच.

ह्या खेळाचे मर्म भाषिक आहे. मुलाचे उत्तर हे उत्तर म्हणून स्वीकारलेच जात नाही. ते केवळ उच्चारलेला शब्द म्हणून उचलून परत केले जाते. वाक्य वापरणे आणि वाक्याचा उल्लेख करणे ह्यांतील जो भेद तर्कशास्त्राच्या वर्गात परिश्रमाने शिकवावा लागतो, तो चार-पाच वर्षांच्या मुलाला येथे चिडून का होईना, अनुभवाने कळतो. सुटकेसाठी मूल लांबलचक वाक्ये रचू लागते, कारण लांब वाक्य परत म्हणताना सांगणाऱ्याची तारांबळ उडते. म्हणजे हुंकाराच्या जागी पूर्ण वाक्य आले. मात्र ते कोणत्याही बोलीत असले तरी खेळ चालतो. सांगणाऱ्याने जर अट घातली की उत्तर बोलीतच हवे, तर हाच खेळ बोलीच्या सरावाचा होतो.

साखळीच्या गोष्टीत ही अट आपोआप येते. चिमणी आणि कावळा यांची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. ही गोष्ट किती जुनी असावी याचा एक पुरावा महानुभाव वाङ्मयात आहे : लीळाचरित्रात कावळ्याच्या शेणाच्या आणि साळईच्या मेणाच्या घराचा उल्लेख येतो. तेराव्या शतकापासून साळईच्या जागी चिमणी आली, पण शेण व मेण ही जोडी टिकली. कारण ती यमकाने बांधलेली आहे. सूत्रकथेत पात्र बदलू शकते, ध्वनिबंध सहसा बदलत नाही, ह्या नियमाचे हे उत्तम उदाहरण होय.

ह्या गोष्टीतील खेळाची जागा दारावरील संवादात आहे. कावळा दार उघडण्यास सांगतो आणि चिमणी प्रत्येक वेळी निराळी सबब सांगते. वाक्याचा साचा ठरलेला, त्यातील क्रिया मोकळी. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर अन्वयाचा अक्ष स्थिर ठेवून निवडीचा अक्ष खुला केलेला आहे. अनेक घरांत सांगणारी ह्या ठिकाणी थांबते आणि ‘मग चिमणी काय म्हणाली?’ असे मुलालाच विचारते. मूल चिमणीच्या तोंडी नवी सबब घालते. ती जितकी अनपेक्षित, तितका हशा मोठा. येथे मुलाला सांगणाऱ्याच्या वाक्याचा साचाच पुढे न्यावा लागतो. गोष्ट अहिराणीत चालली असेल तर त्याच्या सबबीतील क्रियापदही ‘करस’, ‘देस’, ‘जास’ असे ‘स’ प्रत्यय घेऊनच येते. ‘करते’ म्हटले तर साचा मोडल्याचे त्याचे त्यालाच जाणवते. वर्तमानकाळाचे रूप न शिकविता शिकण्याची ही सोय आहे.

कोडे : उत्तराची सक्ती

कोड्यासाठी मराठीत कोडे, हुमाण, उखाणा, आहाणा असे अनेक शब्द आहेत आणि त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. ‘उखाणा’ हा शब्द संस्कृत ‘उपाख्यान’ ह्याच्याशी व ‘आहाणा’ हा ‘आभाणक’ ह्याच्याशी जोडला जातो. म्हणजे आज कोडे वा नाव घेण्याचे यमक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उखाण्याच्या मुळाशी ‘लहानशी कथा’ हाच अर्थ आहे. गुजरातीत ‘उखाणुं’ म्हणजे कोडेच. कथा आणि खेळ यांचे नाते शब्दाच्या पोटातच सांभाळले गेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कोड्याची प्राचीनताही मोठी आहे : ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ वे सूक्त कोड्यांनी भरलेले आहे आणि यज्ञातील ब्रह्मोद्य हा प्रश्नोत्तरांचा सामनाच होता. वेताळपंचविशीत तर प्रत्येक कथेचा शेवट कोड्यात होतो व राजाच्या उत्तरावर पुढील कथा अवलंबून राहते.

जॉर्जेस व डंडेस यांनी १९६३ मध्ये कोड्याची रचनात्मक व्याख्या मांडली. कोड्यात एक वा अधिक वर्णने असतात. ती कधी परस्परविरोधी असतात, कधी नसतात. आणि त्यांवरून वर्ण्य वस्तू ओळखावयाची असते. विरोध असेल तर तो उत्तर सापडताच मावळतो. उदाहरणादाखल स्पष्टीकरणापुरते रचलेले एक कोडे घेऊ : ‘एकदाच विते, पुन्हा कधी वीत नाही, तरी तिच्या पायाशी लेकी उभ्याच.’ एकदाच विणे आणि पुष्कळ लेकी असणे हा विरोध. उत्तर केळ. केळीचे खोड एकदाच घड देते, पण त्याच्या बुडाशी पिले फुटतात. ज्या मुलाने पीलबाग पाहिली आहे त्याला हे कोडे क्षणात सुटेल. ज्याने केळ फक्त बाजारात पाहिली त्याला समजावून सांगूनही ते रुक्ष वाटेल. कोडे हे शब्दांइतकेच परिसराच्या ज्ञानावर उभे असते, हे यावरून ध्यानात येईल.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. खानदेशात ‘ळ’ च्या जागी ‘य’ उच्चारण्याची प्रवृत्ती सर्वश्रुत आहे : डोळा – डोया, काळा – काया. त्यामुळे प्रमाण मराठीत ज्या दोन शब्दांत श्लेष होत नाही, त्यांत बोलीत तो होऊ शकतो, आणि उलटही. श्लेषावर आधारलेले कोडे एका बोलीतून दुसरीत नेता येत नाही. प्रमाण भाषेत छापलेल्या कोड्यांच्या संग्रहांतून ही कोडी गळून पडतात, किंवा निर्जीव होऊन येतात, त्याचे हे एक कारण असावे. भेंड्यांच्या खेळातही हा प्रश्न निराळ्या रूपाने उपस्थित होतो. मराठीत ‘ळ’ वा ‘ण’ ने सुरू होणारे शब्द नसल्यामुळे ही अक्षरे आली की ‘ल’ व ‘न’ घेण्याची तडजोड खेळाडू करतात. ज्यांच्या तोंडी मुळातच ‘य’ आहे त्यांना ‘ळ’ ची तडजोड करण्याचे कारणच पडू नये. वर्णव्यवस्थेतील अशा बारकाव्यांचे ज्ञान खेळाडूंना असते, फक्त ते नियमांच्या रूपाने सांगता येत नाही.

गुलाबाईची खिरापत

वर्षाच्या चक्रात कथाखेळांना ठरावीक जागा आहेत. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी होतात. श्रावणात कानबाईच्या निमित्ताने जागरण होते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग गुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई व गुलोजी यांच्या मूर्ती मांडून घरोघरी गाणी म्हणतात. अन्यत्र हेच भुलाबाई म्हणून ओळखले जाते, आणि पश्चिम महाराष्ट्रातील भोंडल्याशी त्याचे साम्य उघड आहे. गाणी संपली की झाकलेली खिरापत पुढे येते आणि ती ओळखल्यावाचून मिळत नाही.

डबा हालवून आवाज ऐकविला जातो. गोड की तिखट, कोरडे की ओले, तळलेले की भाजलेले अशा प्रश्नांनी मुली क्षेत्र आवळीत नेतात. ज्या घरची खिरापत असेल त्या घरची बाई फसवी उत्तरे देण्याचा प्रयत्न करते, पण खोटे बोलण्याची तिला मुभा नसते. कोड्यात वर्णन सांगणारा देतो, येथे ते ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारून मिळवावयाचे असते. दर संध्याकाळी, सुमारे महिनाभर, घरातील पदार्थांची संपूर्ण शब्दसंपत्ती अशी उलगडली जाते. चुकीच्या तर्कांत जे पदार्थ येतात त्यांची नावे एरवी वर्षभर कोणी घेत नाही. एखादा शब्द जिवंत राहण्यासाठी तो पदार्थ रोज व्हावा लागतो असे नाही. चुकीचे उत्तर म्हणून त्याचा उच्चार झाला तरी तो टिकतो.

विभक्तीचा खेळ

ह्या पारंपरिक खेळांच्या जोडीने नवे खेळ रचता येतील काय? इटालियन लेखक जियानी रोदारी यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कल्पनेच्या व्याकरणावरील ग्रंथात मुलांसाठी गोष्टी रचण्याच्या अनेक युक्त्या दिल्या आहेत. त्यांतील मुख्य युक्ती अशी : एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यावे आणि त्यांना निरनिराळ्या शब्दयोगी अव्ययांनी जोडावे. रोदारींचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. कपाटासह कुत्रा, कुत्र्याचे कपाट, कपाटावर कुत्रा, कपाटात कुत्रा : प्रत्येक जोडीतून निराळी गोष्ट निघते.

इटालियनमध्ये हे काम स्वतंत्र शब्द करतात. आपल्याकडे ते बहुतांशी विभक्तिप्रत्ययांकडे आहे. येथेच हा खेळ खानदेशासाठी विशेष उपयुक्त ठरतो, कारण अहिराणीचे वेगळेपण ज्या रूपांत ठळकपणे दिसते त्यांत विभक्तिप्रत्यय प्रमुख आहेत. वाघ आणि गाडी हे दोन शब्द घ्या. ‘वाघनी गाडी’ म्हटले की वाघ मालक झाला. ‘गाडीमा वाघ’ म्हटले की तो प्रवासी झाला, आणि भुसावळसारख्या जंक्शनावर त्याचे तिकीट कोण तपासणार हा प्रश्न उभा राहिला. ‘गाडीवर वाघ’ निराळा आणि ‘वाघले गाडी’ म्हणजे वाघाला गाडी दिली, तर ती कोणी व का दिली, ही चौथी गोष्ट. घरातील प्रत्येकाने एकेक प्रत्यय घ्यावा आणि आपल्या प्रत्ययाची गोष्ट सांगावी. लेवा गणबोलीच्या घरांत ‘ले’ तसाच राहील, परंतु षष्ठीला ‘ना-नी’ ऐवजी ‘चा-ची’ येईल. दोन्ही बोलींची माणसे एका घरात असतील तर हा फरकच थट्टेचा विषय होईल. व्याकरणाच्या पुस्तकात कोष्टक म्हणून जे पाठ करावे लागते, ते येथे कथानकाचे बीज होते.

प्रश्नाचे गांभीर्य

हा सर्व विचार केवळ करमणुकीचा नाही. जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. ह्या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे, कारण बोली बोलणारे कित्येक जण आपली मातृभाषा मराठी अशीच नोंदवितात. तरीही एकूण लोकसंख्या वाढत असता हा आकडा घटावा ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. फिशमन यांनी १९९१ मध्ये भाषापालटाच्या विवेचनात असे प्रतिपादन केले की, शाळा, वृत्तपत्रे व शासन यांचा आधार कितीही असला तरी घरात एका पिढीकडून दुसरीकडे होणारे संक्रमण तुटले तर भाषा टिकत नाही.

खानदेशात बोलीविषयी अभिमानाचा तुटवडा नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्यांची कविता तोंडी जन्मली, १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचा कोश सिद्ध केला आहे. परंतु गौरव आणि वापर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोशात शब्द सुरक्षित राहतो; तो तोंडात राहावयाचा तर कोणीतरी तो उच्चारण्याची वेळ आणली पाहिजे. कथाखेळ ती वेळ आणतात. समजणारे पण न बोलणारे मूल ही आजची मुख्य समस्या असेल, तर ज्या व्यवहारात न बोलणाऱ्याचा डाव जातो, तो व्यवहार तिच्यावरील एक स्वाभाविक उपाय ठरतो.

ह्यावर असा आक्षेप येईल की, खेळांनी भाषा वाचत नाहीत. उपजीविका, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांवर भाषांचे भवितव्य ठरते. आक्षेप रास्त आहे. रोज रात्री पाऊण तास कोडी घातल्याने शाळेची भाषा बदलणार नाही. पण आजच्या नातवाला उद्या बोलीत बोलण्याची इच्छा झाली, तर त्याच्याजवळ तयार वाक्यरचना असावी लागेल, आणि ती पुस्तकातून येत नाही. दुसरा धोका अधिक जवळचा आहे : हे खेळ स्पर्धा व स्नेहसंमेलने यांच्या हाती जाऊन पाठांतर होण्याचा. पाठ केलेल्या कोड्यात चुकीचे उत्तर संभवत नाही, आणि चूक संभवत नसेल तर तो खेळच उरत नाही.

संशोधकांसाठी सूचना

दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (१९५६) ह्या ग्रंथापासून मराठीत लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला गेला आणि संकलनही विपुल झाले. मात्र आपले बहुतेक संग्रह कोडे आणि त्याचे उत्तर एवढेच देतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी यापुढे संकलन करताना निदान चार गोष्टी अवश्य नोंदवाव्यात. पहिली, कोडे कोणी कोणाला घातले : आजीने नातवाला की नातवाने आजीला. दुसरी, उत्तरापूर्वी आलेली सर्व चुकीची उत्तरे, जशीच्या तशी. शब्दसंपत्ती व परिसरज्ञान यांचे तेच खरे मोजमाप होय. तिसरी, खेळणाऱ्याने बोली कोठे सोडली आणि कोठे पुन्हा धरली. चौथी, कोणी कोणाला सुधारले आणि त्यावर काय प्रतिक्रिया झाली. ध्वनिमुद्रण आता खिशातील भ्रमणध्वनीवर होते. तेव्हा साधनांची सबब उरलेली नाही. घरच्यांची पूर्वसंमती घेणे आणि मुद्रण सुरू आहे हे मुलांनाही सांगणे मात्र आवश्यक.

१९२७ पासून धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ जुने कागद सांभाळीत आहे. कागद थांबून राहतो, त्यामुळे संशोधकाला उशीर झाला तरी तो सापडण्याची शक्यता असते. कथाखेळाची गोष्ट वेगळी आहे : तो दोघांनी मिळून खेळावा लागतो, आणि त्यांपैकी एक बहुधा सत्तरीच्या पुढे असते. म्हणून ह्या संकलनाचा आरंभ विद्यार्थ्यांनी आपल्या स्वतःच्या घरापासून आणि येत्या सुटीपासूनच करावा, हे योग्य होईल.